प्रवेशमूल्य : आडनाव

आधुनिकतावादी वास्तुकलेला आणि वस्तुरचनेला वाहिलेली संग्रहालये दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात इमारत, फलक, तिकीटखिडकी आणि सोमवारची सुट्टी असते. दुसऱ्या प्रकारात यांपैकी काहीही नसते आणि आत माणसे राहत असतात. नागपुरात खामला, त्रिमूर्तीनगर आणि स्वावलंबीनगर यांच्या शेजारी वसलेले प्रतापनगर हे दुसऱ्या प्रकारचे उत्तम उदाहरण होय. आपण संग्रहालयात राहतो याची तेथील रहिवाशांना कल्पना नाही. त्यामुळेच हा संग्रह पुष्कळ वर्षे आपोआप टिकला, आणि त्याच कारणाने आता तो झपाट्याने पाडला जात आहे.

पहिला प्रकार आधी उरकून घ्यावा. ज्या बाउहाउस शाळेपासून या विषयाचे अभ्यासक सुरुवात करतात, ती वाल्टर ग्रोपिउसने १९१९ मध्ये वायमारला काढली. तिथून ती देसाऊला गेली, मग बर्लिनला, आणि १९३३ मध्ये नाझींच्या अमलात बंद पडली. शाळा चालली चौदा वर्षे; तिची संग्रहालये मात्र त्या तिन्ही गावांत आहेत. भारतात याच पंथाचे तीर्थक्षेत्र चंडीगड. तिथे सेक्टर १० मध्ये वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएने आखलेले सरकारी संग्रहालय आहे, शेजारी १९९७ मध्ये उघडलेले वास्तुकला संग्रहालय आहे, सेक्टर १९ मधल्या त्याच्या जुन्या कचेरीत ल कॉर्ब्युझिए सेंटर आहे, आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे ज्या घरात राहिला तेही संग्रहालय झाले आहे. कॅपिटॉल कॉम्प्लेक्सला २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला.

नागपूरकराची या सर्वांशी गाठ पडते ती शिमला-मनालीच्या वाटेवर. सहलीच्या कार्यक्रमात चंडीगडला अर्धा दिवस असतो आणि तो रॉक गार्डन व सुखना तलाव यांत संपतो. यात वावगे काही नाही. रॉक गार्डन नेकचंद नावाच्या रस्तेखात्यातल्या कर्मचाऱ्याने, शहर बांधताना निघालेल्या मोडतोडीतून, कोणालाही न विचारता उभारले. १९७६ मध्ये ते लोकांना खुले झाले. आखीव शहर पाहायला आलेला पर्यटक त्या शहराचा राडारोडा पाहून तृप्त होतो. वास्तुकला संग्रहालयात नागपूरकर शिरलाच तर बहुधा स्वच्छतागृहाच्या शोधात. तिथल्या प्रतिकृती आणि नकाशे पाहून तो म्हणतो, "हे तं आपल्या पाटबंधारेच्या कॉलनीसारखं आहे." हा शेरा अडाणीपणाचा समजला जातो. प्रत्यक्षात तो अचूक आहे. चंडीगडनंतरच्या दोन-तीन दशकांत देशभरच्या सरकारी वसाहती त्याच काटकोनांनी, त्याच सपाट छतांनी आणि त्याच जाळीदार जिन्यांनी बांधल्या गेल्या. ज्याचे बालपण धरणावरच्या क्वार्टरमध्ये गेले, त्याला चंडीगडात नवे दिसणार तरी काय?

शिवाय नागपूरकराची संग्रहालयाची कल्पना अजब बंगल्याने घडवलेली असते. १८६३ पासून चालू असलेल्या या संग्रहालयात शिलालेख, शस्त्रे आणि पेंढा भरलेली जनावरे आहेत. काचेआड ठेवायची वस्तू एक तर फार जुनी असावी किंवा चावणारी असावी, हा नियम शहरातल्या प्रत्येक मुलाला पाचव्या वर्षी कळतो. खुर्ची या दोन्हींत बसत नाही. म्हणून चंडीगडच्या संग्रहालयात जानरेने आखलेल्या तिरप्या पायांच्या, वेताने विणलेल्या सागवानी खुर्चीपुढे तो थबकतो तो आदराने नव्हे, ओळख पटल्यामुळे. अशाच खुर्च्यांवर त्याने तहसील कचेरीत दाखल्यासाठी दिवस काढलेले असतात. चंडीगडच्या कचेऱ्यांनी या खुर्च्या मोडक्या म्हणून गच्चीवर टाकल्या, लिलावात कवडीमोलाने विकल्या, आणि त्या युरोप-अमेरिकेच्या लिलावगृहांत लाखोंच्या बोलीवर पोचल्या. गृह मंत्रालयाने २०११ मध्ये या सामानाच्या विक्रीला मनाई केली. तोवर गटारांची झाकणेसुद्धा विलायतेला गेली होती.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळता येते.

नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने अस्तित्वात आला. शहराच्या कडेची शेते मोजून त्यांचे ले-आऊट पाडणे, भूखंडांना क्रमांक देणे आणि नकाशे मंजूर करणे (किंवा न करणे) हे काम पुढे अनेक दशके चालले. नासुप्र या संक्षेपाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचा वास्तुशास्त्राच्या इतिहासात उल्लेख येत नाही, यायला हवा. समोर किती जागा सोडायची, बाजूला किती, मागे किती, हे तिने ठरवले आणि त्या सुटलेल्या जागेच्या मधोमध जे उरले त्याला घराचा आकार आला. महालेखाकार कार्यालय, वीज मंडळ, रेल्वे, बँका, शाळा आणि महाविद्यालये यांतून भविष्यनिर्वाह निधीचे कर्ज घेऊन आलेल्या मंडळींनी त्या आकारात विटा रचल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने, म्हणजे मोमाने, २०२२ मध्ये दक्षिण आशियातल्या स्वातंत्र्योत्तर वास्तुकलेचे मोठे प्रदर्शन भरवले. त्याने निवडलेला काळ १९४७ ते १९८५ असा होता. प्रतापनगर आणि आसपासच्या जुन्या घरांचा काळही साधारण तोच. प्रदर्शनात आचऱ्यात जन्मलेले आणि हार्वर्डला ग्रोपिउसच्या हाताखाली शिकलेले अच्युत कानविंदे होते, पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी होते. प्रतापनगरातली घरे ज्यांनी आखली ते ओव्हरसिअर मात्र नव्हते. त्यांची नावे नकाशाच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यात आहेत आणि नकाशा कपाटात, विम्याच्या कागदांखाली.

संग्रहालयाला तिकीटखिडकी नाही असे वर म्हटले, ते पूर्ण खरे नाही. वास्तुशास्त्राचा विद्यार्थी एखाद्या घराचे छायाचित्र घ्यायला थांबला की पहिल्या मजल्यावरून विचारणा होते, "काहून फोटो काढून राहिले? घर विकाचं नाही आहे." बिल्डरचा माणूस नसल्याची खात्री झाली की फाटक उघडते आणि मूल्य वसूल केले जाते. आडनाव, मूळ गाव, वडील कुठल्या खात्यात होते. तिन्ही उत्तरे समाधानकारक असल्यास सोबत चहा आणि मार्गदर्शक मिळतो. हा मार्गदर्शक घराचा मालकच असून इमारतीविषयी त्याला दोनच गोष्टी सांगायच्या असतात. सिमेंटचा परवाना मिळवायला किती हेलपाटे घातले, आणि तेव्हा पोत्याला काय भाव होता.

संग्रहाची सुरुवात फाटकापासून होते. व्हिएन्नाच्या आडोल्फ लोस या वास्तुविशारदाने विसाव्या शतकाच्या आरंभी अलंकरण हा गुन्हाच ठरवला होता. सुसंस्कृत माणूस वस्तूवर नक्षी काढत नाही, असे त्याचे म्हणणे. प्रतापनगरातल्या फॅब्रिकेशनवाल्यापर्यंत हे पोचले नाही, किंवा पोचूनही त्याने दाद दिली नाही. फाटकावर उगवता सूर्य आहे, त्याच्या पट्ट्यांचे किरण आहेत, त्याखाली चौकटीत चौकट बसवलेली आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींवर हाच सूर्य आहे आणि २०१८ पासून तो जागतिक वारसा आहे. प्रतापनगरात तो दर दोन वर्षांनी दिवाळीआधी रंगवला जातो. रंग मागच्या वेळचा जो उरला असेल तो. खिडकीच्या ग्रिलमध्ये वर्तुळे, समभुज चौकोन आणि एखाद्या जागी मालकाच्या नावाचे आद्याक्षर आढळते. घर म्हणजे राहण्याचे यंत्र, असे कॉर्ब्युझिएने १९२३ मध्ये लिहिले. प्रतापनगरात या यंत्राला नाव असते. 'श्रमसाफल्य' आणि 'मातृछाया' ही सर्वाधिक आढळणारी यंत्रे होत.

बैठकीची खोली हे वस्तुरचनेचे दालन. बाउहाउसच्या मार्सेल ब्रॉयरने १९२५ च्या सुमारास सायकलचे वाकवलेले हँडल पाहून पोलादी नळीची खुर्ची बनवली, अशी कथा सांगितली जाते. तिचा वंशविस्तार येथे नायलॉनच्या पट्ट्यांच्या घडीच्या खुर्चीपर्यंत पोचला आहे. मूळ खुर्ची जगभरच्या संग्रहालयांत दोरी लावून ठेवलेली असते, तिच्यावर बसता येत नाही. प्रतापनगरातल्या खुर्चीवरही एका मर्यादेपलीकडे बसता येत नाही, कारण मधली पट्टी तुटलेली असते. मात्र ते पाहुण्याला आधी सांगण्याची पद्धत आहे. बाजूला गोदरेजचे कपाट. कोनाकोपऱ्यांशिवाय दुसरा अलंकार नसलेली, कामापुरती, यंत्रावर घडवलेली अशी ही वस्तू बाउहाउसच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आली असती. त्याच्या आरशावर चिकटवलेल्या टिकल्या परीक्षकांनी कशा पाहिल्या असत्या, सांगता येत नाही.

या दालनातली सर्वांत मोलाची वस्तू मात्र पाहुण्याच्या हातात दिली जाते. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य देशभर फिरले आणि १९५८ मध्ये त्यांनी अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था त्यातून निघाली. या अहवालात त्यांनी सर्वांत सुंदर वस्तू म्हणून तांब्याचे, म्हणजे लोट्याचे कौतुक केले. तो किती पाणी घेतो, भरल्यावर आणि रिकामा असताना तोल कसा राखतो, कमरेवर कसा बसतो, धार कशी पडते, घासायला कसा, किंमत काय, या सगळ्याचा विचार करून एखादा माणूस तो रेखाटायला बसला तर त्याला तो साधणार नाही, असा त्यांचा मुद्दा. प्रतापनगरात मे महिन्यात दारात आलेल्या कोणालाही तांब्या-भांडे आणि गुळाचा खडा मिळत असे. अलीकडे फ्रिजमधली प्लॅस्टिकची बाटली येते. तिच्यावर अहवाल निघालेला नाही.

पायाखाली मोझॅक. संगमरवराच्या चिपा सिमेंटात घोळवून केलेल्या या फरशा बसवल्यावर पॉलिशचे यंत्र आठवडाभर घरघरत असे आणि त्या राखाडी चिखलातून एके दिवशी गुळगुळीत जमीन वर येई. चाळीस-पन्नास वर्षांनीही तिला काही झालेले नसते. म्हणून तिच्यावर व्हिट्रिफाइड टाइल लावतात. उत्खननशास्त्राच्या दृष्टीने हे सोयीचे आहे. पुढच्या संशोधकांना थरांचा क्रम सहज लावता येईल. स्वयंपाकघरात कडप्प्याचा उभा ओटा आहे. त्याची आजी म्हणजे मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ मध्ये आखलेले फ्रँकफर्टचे स्वयंपाकघर. एकट्या बाईला कमीत कमी पावलांत सारे हाताशी यावे म्हणून ते मुद्दाम चिंचोळे केले होते. प्रतापनगरातले स्वयंपाकघरही तेवढेच चिंचोळे असते. फरक इतकाच की दिवाळीच्या आठवड्यात तिथे चार बायका असतात आणि पावले टाकण्याचा प्रश्नच उरत नाही.

खिडकीपाशी थोडे रेंगाळावे लागते. आधुनिक वास्तुकलेने काचेवर फार प्रेम केले आणि सूर्याने त्याची फार शिक्षा केली. पॅरिसमध्ये कॉर्ब्युझिएने साल्वेशन आर्मीसाठी बेघरांचे वसतिगृह बांधले. १९३३ मध्ये उघडलेल्या या इमारतीची दक्षिणेकडची भिंत म्हणजे न उघडणारी अखंड काच होती. आतली हवा यंत्रांनी गार ठेवायची, अशी योजना. पैशाअभावी गार करणारी यंत्रणा बसलीच नाही आणि पहिल्याच उन्हाळ्यात आतली माणसे उकडून निघाली. शेवटी उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या, आणि पुढे ऊन अडवणारे काँक्रीटचे पडदे. हेच पडदे कॉर्ब्युझिएने चंडीगडात पहिल्यापासून वापरले. उच्च न्यायालयावर तर छतावर दुसरे छत घातले. हा अनुभव मिळवायला त्याला वीस वर्षे लागली. नागपुरात जन्मलेल्याला तो पहिल्या मे महिन्यात मिळतो. म्हणून प्रतापनगरातल्या प्रत्येक खिडकीवर दोन फुटी छज्जा आहे आणि तो नकाशात नसला तरी असतो.

छज्ज्याने ऊन अडते, हवा गार होत नाही. त्यासाठी कूलर. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ताट्या, खाली पाणी, एक पंप, एक पंखा आणि हे सगळे तोलणारा लोखंडी अँगलचा स्टँड. पॅरिसची ती अडचण नागपूरच्या कूलरवाल्याने एका दुपारी सोडवली असती, आणि पंपाचे वेगळे घेतले असते. कूलर एप्रिलच्या आरंभी खाली काढतात, ताट्या बदलतात, आतून डांबर मारतात आणि खिडकीत बसवतात. त्या क्षणी ती खिडकी वास्तुशास्त्रीय अर्थाने संपते. ऑक्टोबरात तो काढायचा असतो. निम्म्या घरांत तो जुन्या साडीत गुंडाळून तिथेच ठेवला जातो. रस्त्यावरून पाहताना घराच्या अंगावर ठिकठिकाणी लटकणाऱ्या या पेट्यांनीच दर्शनी भागाची लय साधलेली दिसते. कॉर्ब्युझिएने १९२७ च्या सुमारास आधुनिक घराची जी पाच सूत्रे मांडली त्यांत 'मुक्त दर्शनी भाग' हे एक होते. इतका मुक्त त्याच्या मनात नसावा.

जिना बाहेरून जातो, कारण वरचा मजला भाड्याने द्यायचा असतो. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

गच्ची हे या संग्रहालयाचे मुख्य दालन. सपाट छत हा आधुनिकतावादाचा ध्वज होता आणि गळणे हा त्याचा स्वभाव. पॅरिसजवळची १९३१ मध्ये पूर्ण झालेली कॉर्ब्युझिएची व्हिला साव्हॉय ही या पंथाची सर्वांत पूज्य वास्तू. तिच्या मालकीणबाईंनी वर्षानुवर्षे वास्तुविशारदाला पत्रे लिहिली. दिवाणखान्यात गळते, जिन्यात गळते, न्हाणीघराच्या आकाशझरोक्यावर पावसाचा इतका आवाज होतो की झोप लागत नाही. प्रकरण कोर्टकचेरीच्या उंबरठ्यावर आले, तेवढ्यात महायुद्ध आले. १९६५ मध्ये फ्रान्सने या घराला राष्ट्रीय स्मारक केले आणि गळतीची जबाबदारी सरकारवर गेली. प्रतापनगरात असा मार्ग उपलब्ध नाही. तिथे जूनच्या मध्यावर पहिला पाऊस झाला की घरमालक बैठकीच्या छताकडे पाहतो, जुना पिवळा डाग यंदा किती सरकला ते ठरवतो आणि गवंड्याला फोन लावतो. गवंडी म्हणतो, पाऊस उघडला की बघू. पाऊस उघडला की गळत नाही, त्यामुळे बघण्याची गरज उरत नाही.

ज्यांनी बघितले, त्यांनी विटांच्या तुकड्यांचा कोबा केला आणि वर फुटक्या चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझॅक बसवली. पाणी वाहून जाते, ऊन परततेही. बाळकृष्ण दोशींनी १९८० च्या सुमारास अहमदाबादेत 'संगाथ' नावाची आपली कचेरी बांधली, तिच्या कमानदार छतांवर हीच चायना मोझॅक आहे. दोशींना २०१८ मध्ये वास्तुकलेचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला आणि जगभरचे विद्यार्थी ते छत पाहायला जातात. प्रतापनगरात तेच तुकडे पाहून पाहुणा विचारतो, "कपबशा कोणाच्या फुटल्या?"

छतावर बाग असावी हेही पाच सूत्रांपैकीच. बागेत काय पिकवावे हे सांगायचे राहिले होते. येथे उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे आणि शेवया पिकतात. पीक जुन्या धोतरांवर येते आणि राखणीला एक नातू बसवावा लागतो. अंधार पडला की गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या घातल्या जात. काळी टाकी, सौर बंब आणि डिश यांनी जागा व्यापल्यापासून, आणि एसी आल्यापासून, हे कमी झाले.

गच्चीच्या कडेला खांबांच्या सळया आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. वर मजला चढवायचा आहे, त्याची ही सोय. कॉर्ब्युझिएने १९१४ मध्ये 'डोम-इनो' नावाचे रेखाचित्र काढले. त्यात स्लॅब आहेत, खांब आहेत, एक जिना आहे, भिंती नाहीत. वास्तुकलेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ते सापडते आणि ते प्रत्यक्षात कुठे पाहावे, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. प्रतापनगरात ज्या घराचा वरचा मजला स्लॅबपर्यंत आला आणि त्याच वर्षी मुलीचे लग्न ठरले, तिथे ते पाहावे. तसेच 'अमर्याद वाढणाऱ्या संग्रहालया'ची कल्पनाही कॉर्ब्युझिएचीच. गरजेप्रमाणे चौकोनी चक्रीत भोवती दालने वाढत जावीत, असा बेत. अहमदाबाद, टोकियो आणि चंडीगड येथे तशी संग्रहालये झाली. ठरलेल्या चक्रीत एकही वाढले नाही. प्रतापनगरातल्या घरांनी मात्र ही सूचना मनावर घेतली. थोरल्याच्या लग्नात मागे एक खोली निघाली, धाकट्याच्या लग्नात बाजूला, आणि नासुप्रने जी जागा मोकळी सोडायला सांगितली होती ती पत्रा टाकून स्कूटरला दिली गेली.

ही वाढ आता थांबली आहे. मुले पुण्याला किंवा त्याहून लांब गेली, आईवडिलांना जिना चढवत नाही, आणि भूखंडाचा भाव घराच्या भावाला गिळून बसला आहे. करार होतो, जेसीबी येते. संग्रहाची विल्हेवाट ठरलेल्या क्रमाने लागते. सागवानी दारे-चौकटी पहिल्यांदा जातात, त्यांना गिऱ्हाईक असते. उगवत्या सूर्यासह फाटक वजनावर जाते. नायलॉनची खुर्ची चौकीदार घेतो. मोझॅक उखडता येत नाही. ती मलब्याबरोबर एखाद्या खोलगट भूखंडात भरणीला पडते. विलायतेतल्या लिलावगृहांनी अजून येथे माणूस पाठवलेला नाही.

त्या जागी उभ्या राहणाऱ्या फ्लॅट स्कीममध्ये कॉर्ब्युझिएची पाचही सूत्रे शेवटी पूर्ण होतात. इमारत खांबांवर उचललेली असते, कारण खाली पार्किंग लागते. आतली मांडणी मुक्त असते. ताबा मिळताच प्रत्येक मालक एक भिंत पाडतो. दर्शनी भाग मुक्त असतो, त्यावर चमकणारे पत्रे लावता येतात. आडव्या लांब खिडक्या असतात, सरकत्या. नाव 'श्रमसाफल्य रेसिडेन्सी' असते. पाचवे सूत्र गच्चीचे. ती कोणाच्या मालकीची यावर रहिवाशांचे एकमत न झाल्याने तिला कुलूप असते, आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते काका सध्या मुलाकडे पुण्याला गेलेले असतात.